चि. ठिपका, वयोगट आठ वर्षांखालील

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो होतो. पण वाकल्यावर परत उभं राहायला सूनबाईला हाक मारावी लागली, आणि ती नेमकी आंघोळीला गेलेली, म्हणून पत्राला सुरुवात व्हायला थोडा उशीर झाला.) तुझी तब्येत कशी आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? मागच्या पत्रात तुझ्या दोन ओळी एकमेकींच्या मांडीवर बसल्या होत्या, त्यावरून थेंब घालून तू लगेच लिहायला बसली असावीस असा माझा अंदाज आहे. तसं करत जाऊ नकोस. इकडे आम्ही सगळे ठीक. माझा रक्तदाब डॉक्टरांच्या मते जास्त आहे आणि माझ्या मते डॉक्टरांचं मशीन जुनं आहे. फोन केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला थांबता येत नाही, म्हणून आपलं पत्रच बरं.

तू लिहिलंस की मी चित्रस्पर्धेचा परीक्षक झाल्याचं वाचून तुला भरून आलं, ते पत्र तू तुमच्या इमारतीत सगळ्यांना वाचून दाखवलंस, आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले की घराण्यातच कला आहे. ताई, आधी त्या मास्तरांना खुर्ची दे आणि मग तू बस. मी परीक्षक नव्हतो. मला वाचनालयात एका शनिवारी सकाळी दोन तास, मुलांना कार्ड कसं दुमडायचं आणि रंग कसा भरायचा ते दाखवायला बोलावलं होतं. दुमडणं आणि परीक्षण यांत अंतर आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं, पण तुला लिहिताना पेन जरा पुढे गेलं. एरवीही माझं पेन माझ्यापेक्षा चार पावलं पुढेच असतं, हे तुला नव्याने सांगायला नको.

झालं ते असं. इथे आजारी मुलांसाठी काम करणारी एक संस्था आहे. दरवर्षी ती नाताळची भेटकार्डं छापते आणि त्यांवरची चित्रं मुलांनीच काढलेली असतात. त्यासाठी स्पर्धा घेते. आठ वर्षांखालचे, दहाखालचे आणि बाराखालचे असे तीन गट, आणि प्रत्येक गटातून चार चित्रं. अशी बारा कार्डं एका पाकिटात. छापून आली की पहिला गठ्ठा मोठ्या इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डात जातो, एकेका खाटेला एकेक पाकीट. आपल्या वाचनालयात चित्रांची पेटी ठेवायची ठरली, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी मला विचारलं. का विचारलं? तर मी पंचेचाळीस वर्षं पाट्या रंगवल्या म्हणून. (वाचनालयाची पाटीही माझीच. तीत एक अक्षर किंचित तिरकं आहे, ते शिडी हलली तेव्हाचं.) बाईंना वाटलं, एवढ्या पाट्या ज्याने रंगवल्या तो माणूस चित्रकार असणार. मीही त्यांचा गैरसमज दूर करायची घाई केली नाही. तुला तर माहीतच आहे, मी आयुष्यभर काढलं काय, तर बाण, चष्मा, कात्री, आणि त्या दातांच्या डॉक्टरांसाठी एकच मोठा दात. तो इतका हुबेहूब आला होता की पेशंट पाटी बघूनच मागे फिरायचे. पुढे छापील फ्लेक्स आले आणि मी घरी आलो. शिकणं म्हणशील तर तुझ्या खांद्यावर उभं राहून त्या चित्रकलेच्या शाळेच्या उंच खिडकीतून जेवढं बघितलं तेवढंच. तू दोन विटांवर, मी तुझ्यावर, आणि तू खालून सारखी "काय दिसतंय, काय दिसतंय" करायचीस. मी "थांब गं" म्हणेपर्यंत रखवालदार यायचा.

तर शनिवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून वाचनालयात गेलो. समोर वीस-पंचवीस मुलं, बहुतेक सगळी सात वर्षांची, आणि सगळ्यांची नाकं वाहणारी. मी घरून एक नमुना काढून नेला होता. काय काढलं असेल? बर्फ, बर्फात उतरत्या छपराचं घर, धुराड्यातून धूर, बाजूला त्रिकोणी झाड आणि झाडावर तारा. बर्फ मी फक्त फ्रिजमध्ये बघितलेला आहे. धुराडं बेकरीचं बघितलंय. पण औषधाच्या दुकानातल्या जुन्या कॅलेंडरवर असंच काहीसं होतं, ते नीट लक्षात होतं, आणि हात माझा सरळ चालतो. घर असं उभं राहिलं की मी स्वतःच दोन पावलं मागे जाऊन बघत राहिलो (आणि मागच्या कुंडीत पाय घातला, पण ते वेगळं). मुलांना चित्राच्या मागचा रकाना कसा भरायचा तेही दाखवायचं होतं. म्हणून फळ्यापाशी उभा राहून नमुन्याच्या मागे सगळ्यांच्या देखत भरला. नाव: ठिपका. परीक्षकाने स्वतःचं खरं नाव घालणं शोभत नाही असं वाटलं. (तेव्हा मी मनातून परीक्षक झालेलाच होतो.) वय: सात, कारण समोर सगळे सातच होते. फोन नंबर मात्र घरचाच घातला गेला. या वयात दुसरा नंबर तोंडात येतच नाही.

त्या मुलांत आमच्या खालच्या मजल्यावरची चिमटी होती. शिवणकाम करणाऱ्या बाईंची ही नात. तिला चिमटी म्हणतात कारण कुणालाही बोलताना ती आधी चिमटा काढते. मागच्या वर्षी जिन्यावरून पडून मांडीचं हाड मोडलं, तेव्हा पाय वर टांगून अकरा आठवडे त्याच वॉर्डात होती. तिने काय काढलं माहितीये? सलाईनची बाटली अडकवायचा तो लोखंडी स्टँड. त्याला चंदेरी कागद गुंडाळलेला, वर तारा, आणि खाली चार चाकं. बाजूला दोन खाटा, एका खाटेवर वर टांगलेला पाय. मी म्हटलं, बाळा, झाड असं नसतं. हे माझं बघ, असं त्रिकोणी काढ, हिरवं कर, चाकं पूस. तिने मला चिमटा काढला आणि म्हणाली, "आजोबा, ते असंच होतं. चाकांवरच होतं. सिस्टर ते ढकलत ढकलत एकेका खाटेपाशी आणायच्या." मी तरी गप्प बसावं की नाही? नाही. पंचेचाळीस वर्षांच्या अनुभवाने मी तिला म्हटलं की परीक्षकांना कळणार नाही. ती म्हणाली, "खिडकीजवळच्या खाटेवरचीला कळेल." खिडकीजवळच्या खाटेवर तिची मैत्रीण आहे, ती अजून तिथेच आहे. चिमटीने तिला कबूल केलंय की माझं कार्ड तुझ्याकडे येणार. म्हणजे बघ, पोरीचा सगळा जीव त्या एका पाकिटात अडकलेला, आणि मी तिला चाकं पुसायला सांगत होतो.

कार्यक्रम संपल्यावर ग्रंथपाल बाईंनी टेबलं आवरली आणि खोलीत जे जे रंगवलेलं दिसलं ते सगळं गोळा करून पेटीत टाकलं. त्यात फळ्याला टाचलेला माझा नमुनाही गेला. सोमवारी मी गेलो तर फळा रिकामा. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, कुणातरी पोराला चित्र इतकं आवडलं की ते घरी घेऊन गेलं. आठवडाभर मी त्या अज्ञात रसिकाला मनातल्या मनात माफ करत होतो.

मग एक दिवस फोन आला. घरात मी एकटाच होतो. बाईंनी सुरुवातीला आपली काय ओळख सांगितली ते मला कळलं नाही, कारण तेवढा वेळ मी फोन उलटा धरला होता. सुलटा केल्यावर कानावर आलं ते एवढंच, की ठिपकाच्याच घरी लागलाय ना फोन? आता मला सांग, जगात मला ठिपका कोण म्हणतं? तू, आणि आपल्या नात्यातली चार माणसं. मी समजलो, कुणाची तरी सून असणार, ख्यालीखुशाली विचारतेय. मोकळेपणाने बोलायला लागलो. ठिपकाच्या आईवडिलांशी बोलता येईल का, म्हणाल्या. मी म्हटलं, "आता कुठलं बोलणं? आई गेली, पाठोपाठ वर्षाच्या आत वडीलही गेले." मग हळूच, "मग सांभाळलं कोणी?" म्हटलं, "मोठ्या बहिणीनं. तीही पोरच, जेमतेम पंधराची." शाळेचं विचारलं. म्हटलं, "शाळा सुटलीच हो. ताईनं पुष्कळ धडपड केली, पण कामाला लागावं लागलं." काम कसलं? म्हटलं, "रंगकाम. शिडीवर चढून पाट्या रंगवायच्या. एकदा वरून पडणंही झालं." बाईंनी पलीकडे नाक पुसलेलं मला ऐकू आलं. आता प्रकृती कशी आहे, म्हणाल्या. मी म्हटलं, "तशी बरी. गुडघे फार दुखतात. पण तक्रार नाही हो, हसतमुख स्वभाव आहे." त्यावर बाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही काही काळजी करू नका, आम्ही आहोत," आणि फोन ठेवला.

ताई, मी अर्धा तास खुर्चीत बसून होतो. आपल्या नात्यात इतकं हळवं माणूस कोण, ते आठवत. सूनबाई आल्यावर तिलाही विचारलं. ती म्हणाली, "बाबा, आपल्या नातेवाईकांत गुडघ्यांची चौकशी करणारं कोणी नाही." तिने बरोबर ओळखलं होतं. मीच तिला वेड्यात काढलं.

चार दिवसांनी कुरियरवाला आला. पाकिटावर "चि. ठिपका" लिहिलेलं. त्याने माझ्या मागे वाकून बघितलं आणि म्हणाला, लहान मूल घरी नसेल तर आजोबांची सही चालेल. मी सही केली. आत प्रमाणपत्र! जाड कागद, सोनेरी काठ, खाली शिक्का. "चि. ठिपका, वयोगट आठ वर्षांखालील, चौथा क्रमांक." आणि मागे परीक्षकांच्या हातचा शेरा. परीक्षक कोण, तर चित्रकलेच्या कॉलेजातले सर, खरेखुरे, शिकलेले आणि शिकवणारे. शेरा तुझ्यासाठी उतरवून देतो: "हात स्थिर आहे. रंग भरण्याची सफाई वयाच्या मानाने चांगली. मात्र घर, झाड, धूर, सगळंच दुसऱ्याचं बघून काढलेलं वाटतं. बाळ, तू स्वतः पाहिलेलं काढ."

नमुना पेटीत गेला होता, हा प्रकाश माझ्या डोक्यात तेव्हा पडला. लाज वाटायला हवी होती की नाही? पण तुझ्यापाशी काय लपवायचं. मी ते प्रमाणपत्र अकरा वेळा वाचलं. आजवर माझ्या कामाला लोकांनी दिलेली दाद म्हणजे "वाळलं का?" एवढीच. कॉलेजातल्या माणसाने माझा हात स्थिर आहे असं लेखी दिलं होतं. "वयाच्या मानाने" हे शब्द मी माझ्या खऱ्या वयाला लावून बघितले, तरी चांगलेच दिसत होते. शेऱ्याचा उत्तरार्ध मी जरा भराभर वाचत होतो, एवढं मात्र खरं. प्रमाणपत्र उशीखाली ठेवलं. सोबत एक पत्रही होतं, पण प्रमाणपत्र असताना पत्र कोण वाचतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी चिमटी वर आली. रोजच यायची. दारातूनच विचारायची, "आजोबा, यादी लागली का?" मी परीक्षकांच्या आतल्या गोटातला, अशी तिची समजूत (ही समजूतही माझीच देणगी). तिला खूश करावं म्हणून मी ते पत्र उघडलं. आठ वर्षांखालच्या गटात चार नावं. तिचं नव्हतं. शेवटचं माझं होतं. खाली लिहिलं होतं की प्रतिकूल परिस्थितीशी झुंजणाऱ्या, आईवडिलांचं छत्र हरपलेल्या या चिमुकल्या कलाकाराला रविवारच्या समारंभात संस्था खास भेट देणार आहे, आणि सोमवारी सकाळी सगळी चित्रं छापखान्यात जाणार आहेत. चिमटीने माझं तोंड बघितलं. या वेळी चिमटासुद्धा काढला नाही. "बरं," म्हणाली आणि जिना उतरून गेली. तो पाय ती अजून जरा जपूनच टाकते, त्यामुळे प्रत्येक पायरी मला वेगळी ऐकू येत होती.

मी तसाच वाचनालयात गेलो. ग्रंथपाल बाई हळहळल्या. म्हणाल्या, "हातातोंडाशी आलेलं गेलं हो पोरीचं. सरांनी तिला चौथा दिला होता. पण संस्थेच्या अध्यक्षाबाईंनी पाचव्या नंबरच्या एका अनाथ मुलाला वर घेतलं. शिडीवरून पडलाय बिचारा, या वयात गुडघे गेलेत त्याचे." ताई, मला तिथेच घाम फुटला. म्हणजे चौथा क्रमांकसुद्धा माझ्या कलेने आलेला नव्हता, गुडघ्यांनी आलेला होता! मी बाईंना तिथल्या तिथे खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. आणि विचारलं काय, तर "बाई, वर्तमानपत्र आलं का?"

पुढचे दोन दिवस कसे काढले ते मला विचारू नकोस, सांगतोच. दर तासाला ठरवायचो की आता अध्यक्षाबाईंना फोन करायचा. नंबर लावायचो आणि पहिली रिंग वाजायच्या आत ठेवून द्यायचो. मग उशीखालचं प्रमाणपत्र काढून बघायचो. एकदा तर मनात आलं, चिमटीला पुढच्या वर्षी मिळेलच की, ती सात वर्षांची आहे, मला कुठलं पुढचं वर्ष? हे मनात आलं आणि माझं मलाच तोंडात मारल्यासारखं झालं. सात वर्षांच्या पोरीशी मी हिशेबाने भांडत होतो, तेही आठ वर्षांखालच्या गटात.

रविवारी सकाळी सूनबाईला आणि चिमटीला घेऊन गेलो. दोघींना सांगितलं होतं की सत्कार बघायला जायचंय. कुणाचा, ते सांगितलं नव्हतं. अध्यक्षाबाईंना दारातच गाठून खरं सांगायचं असं पक्कं करून गेलो होतो. त्यांनीच मला गाठलं. माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "तुम्हीच आजोबा ना? फोनवर बोललो होतो आपण." मी म्हटलं हो. "ठिपका आलाय?" म्हटलं, "आलाय बाई. इथेच आहे." त्यांनी माझ्या मागे बघितलं, बाजूला बघितलं, खाली वाकून टेबलाखालीही बघितलं, आणि म्हणाल्या, "लाजतोय वाटतं." मी म्हटलं, "फार." तेवढ्यात कुणीतरी त्यांना स्टेजवर बोलावलं आणि मी मुलांच्या छोट्या खुर्चीत जाऊन बसलो. म्हणजे बसायला गेलो आणि अडकलो. त्यामुळे पळून जायचा जो एक विचार होता तोही रद्द झाला.

अध्यक्षाबाई बोलायला उठल्या. ताई, त्या माझ्याबद्दल असं बोलल्या की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आई नाही, वडील नाहीत, कोवळ्या हातात पाटी-पेन्सिलीऐवजी रंगाचा डबा, आणि तरीही हे मूल हसतमुख आहे, म्हणाल्या. मागे एक बाई हुंदका देऊन रडली. टेबलावर भेटी मांडल्या होत्या. दप्तर, पाण्याची बाटली आणि निळा स्वेटर, माझा एक हात जेमतेम जाईल एवढा. मग माइकवर नाव पुकारलं. "चिरंजीव ठिपका!" सगळ्या माना वळल्या. मी उठलो. खुर्ची माझ्याबरोबर उठली. ती सूनबाईने मागून ओढून काढली. मी गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी चढलो. लोकांना वाटलं नातवाच्या वतीने आलेत, त्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षाबाई म्हणाल्या, "आजोबा, ठिपकालाही वर येऊ दे ना."

मी म्हटलं, "बाई, सगळा ठिपका वर आलाय. एवढाच आहे तो."

मग सांगून टाकलं. नमुना, पेटी, उलटा फोन, सगळं. सूनबाईने पर्स उघडून तीत तोंड घातलं. अध्यक्षाबाईंच्या हातात तो निळा स्वेटर तसाच उघडा धरलेला. "म्हणजे आईवडील..." म्हणाल्या. म्हटलं, "गेलेच आहेत हो. त्रेसष्ट वर्षं झाली." "आणि शाळा?" "सुटलीच." "आणि ती शिडी?" "पंचेचाळीस वर्षं. बाई, मी एकही शब्द खोटा बोललो नाही, फक्त वय तेवढं चौसष्ट वर्षांनी चुकलं." तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी पहिल्यांदा हसलं, आणि मग सगळं सभागृहच हसायला लागलं. ज्या बाई मघाशी हुंदका देत होत्या त्या सगळ्यांत मोठ्याने. शेवटी अध्यक्षाबाईही हसल्या, पण डोळे पुसतच, आणि पुसले ते त्या स्वेटरनेच.

हसणं ओसरल्यावर मी म्हटलं, हसून झालं असेल तर माझी जागा जिची होती तिला द्या, उद्या सकाळी छापखाना आहे. स्टेजवर बसलेल्या परीक्षक सरांनी फाइलमधून ते चाकांवरचं झाड काढलं आणि उंच धरलं. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. मला जे परीक्षकांना कळणार नाही असं वाटलं होतं, ते पहिल्या रांगेतल्या तीन वर्षांच्या पोरालाही कळलं. ते ओरडलं, "झाड आलं, झाड आलं!" चिमटी वर आली. अध्यक्षाबाईंनी तिच्यापुढे माइक धरला. पोरीने आभारबिभार काही मानले नाहीत. विचारलं, "खिडकीजवळच्या खाटेला पण मिळणार ना?" अध्यक्षाबाई म्हणाल्या, "पहिलं पाकीट तिलाच. तूच चल द्यायला." मग चिमटी माझ्याकडे वळली, सगळ्यांच्या समोर मला चिमटा काढला आणि म्हणाली, "आजोबा, तुमचा पाचवा आला. वाईट वाटून घेऊ नका. पण झाड तुमचं नव्हतंच ते." हे सगळं माइकमध्ये.

चहाच्या वेळी मी सरांना बाजूला घेऊन विचारलं की आता तो शेरा रद्द समजायचा का. तरुण पोरगा आहे, माझ्या मुलापेक्षा लहान. म्हणाला, "शेरा चित्राला होता आजोबा, वयाला नव्हता. 'बाळ' तेवढं खोडा, बाकी राहू दे." विचार करत घरी आलो. पंचेचाळीस वर्षं मी दुसऱ्यांनी सांगितलेलं काढलं. दात म्हटलं दात, बाण म्हटलं बाण. एकदा कुणी न सांगता काढायची संधी आली, तर कॅलेंडर काढून बसलो! हे मला कळायला एक सात वर्षांची पोर, एक तिच्या चौपट वयाचा मास्तर आणि एक अडकलेली खुर्ची लागली.

असो. थेंब घालत जा, आणि घातल्यावर पंधरा मिनिटं डोळे मिटून पड. सूनबाईचा नमस्कार. ती अजून माझ्याकडे बघून मधेच हसते, त्यामुळे नमस्कार थोडा हलला असेल.

तुझा
ठिपका (वय वर्षे एकाहत्तर)

ता. क. १ : मी परीक्षक नव्हतो हे तुमच्या इमारतीत लगेच जाहीर करायची काही गरज नाही. त्या मास्तरांना तर मुळीच सांगू नकोस. एखाद-दोन महिन्यांनी, विषय निघालाच तर, मी राजीनामा दिला असं सांग.

ता. क. २ : संस्थेने प्रमाणपत्र परत मागितलं होतं. हरवलं म्हणून मी सांगितलंय. (वर जो सत्यवचनी माणूस तू वाचलास तो स्टेजपुरताच होता.) ते या पाकिटातच आहे. तुझ्या पत्र्याच्या डब्यात तळाशी ठेव, कुणाला दाखवू नकोस. कुणी फारच खोदून विचारलं तर दाखव, पण धरताना डावा अंगठा दुसऱ्या ओळीवर ठेव, म्हणजे वयोगट झाकला जाईल. "चिरंजीव" दिसलं तर दिसू दे.

ता. क. ३ : खरं म्हणजे पत्र याच्यासाठी लिहायला घेतलं होतं, वरचं सगळं मधे आलं. सोबत एक चित्र आहे. बर्फ नाही, धुराडं नाही. एका उंच खिडकीतून दिसणारी खोली आहे. ओळीने चित्रकारांचे लाकडी घोडे, त्यांवर टेकवलेले कागद, मधे स्टुलावर एक फुटका माठ, आणि तो फुटका माठ बारा मुलं मान वाकडी करून काढतायत. तू खाली विटांवर उभी असायचीस, तुला आत काय आहे ते कधी दिसलंच नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही. तर ते हे होतं, ताई. कसं झालंय ते थेंब न घालता बघ आणि कळव. चित्राच्या मागे सवयीने रकाना भरलाय. नाव ठिपका, वय सात. या वेळी दोन्ही खरं आहे.